लक्ष्मीनगरचा रविवारचा क्लास: मॅडमना पाचपैकी पाच, स्पर्धेला दोन

क्लासचं नाव लिहीत नाहीये, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि चालवणारी दोघंच माणसं आहेत, एक मॅडम आणि एक सर, उगाच कोणाच्या पोटावर पाय नको. नागपूरच्या लक्ष्मीनगरात राहणाऱ्यांना तसंही कळेलच.

रविवारी सकाळी ९ ते ११:३०, आठ रविवार, फी ३,२०० रुपये, आठवी ते दहावीची पोरं, आमच्या बॅचला २२ होती. जागा म्हणजे चष्म्याच्या दुकानावरचा एक हॉल, पंखे आहेत, कूलर नाही. पत्रकावर "वक्तृत्व व वादविवाद कार्यशाळा" लिहिलंय पण त्यावर जाऊ नका, पहिले सहा रविवार भाषण असं होतच नाही. तू म्हणतोस ते तुला कसं माहीत, पुरावा काय, तो किती वजनाचा, आणि तुझ्या मुद्द्याशी त्याचं काय घेणंदेणं, एवढंच चालू असते. पालकांना मागे बसू देतात. मी आठपैकी पाच रविवार स्वतः बसले, बाकी तीन पोरीच्या तोंडून आणि तिच्या वहीतून. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण या लेखाचा पहिला खर्डा पोरीनं वाचला आणि "नागपुरातला सगळ्यात चांगला क्लास" हे वाक्य माझ्याकडून खोडून घेतलं. किती क्लास पाहिले तू, म्हणे. एकच पाहिला बाप्पा.

आम्ही का गेलो तर शाळेत वादविवाद होता, विषय तोच, मोबाईल शाप की वरदान, माझ्या वेळेस टीव्ही शाप की वरदान होता एवढाच फरक. नववीतली आमची पोट्टी छान तावातावानं पाठ करून राहिली होती आणि दुसऱ्याच परिच्छेदात "अमेरिकेतल्या एका संशोधनानुसार" आलं. मी विचारलं कोणत्या संशोधनानुसार, कोणी केलं, कधी केलं. तर म्हणते, आई, असं लिहावं लागते. बाईंनीच सांगितलं की एखादं संशोधन टाका, वजन येते. म्हणजे पुरावा हा मुद्द्याचा पाया वगैरे नाही, वरून भुरभुरायची कोथिंबीर. त्याच आठवड्यात शेजारच्या काकूंनी या क्लासचं पत्रक दिलं.

पहिल्या रविवारी मॅडमनी फळ्यावर एक म्हण लिहिली, शितावरून भाताची परीक्षा. विचारलं, बरोबर आहे का ही म्हण? सगळ्यांनी हो म्हटलं. मग विचारलं, काहून बरोबर आहे? आता हे कोणी विचारतच नाही न. पोरं गप्प. शेवटी एक मुलगा म्हणाला की भांड्यातला भात एकत्रच शिजतो, खालीवर हलतो, म्हणून एक शीत बाकीच्यांसारखंच असते. मॅडम खूश. मग म्हणाल्या, आता कळमन्याच्या फळबाजारात जा आणि वरच्या संत्र्यावरून पेटीची परीक्षा कर. सगळा हॉल हसला, कारण प्रत्येकाच्या घरी ते झालेलं आहे, वर ही एवढाली चकचकीत फळं आणि खाली लिंबाएवढी. भात कोणी मुद्दाम रचून ठेवत नाही, पेटी रचलेली असते. मग पोरांना कामाला लावलं, तुम्हाला रोज जे दिसते त्यातलं भात कोणतं आणि पेटी कोणती. एका पोरीनं सांगितलं की कोचिंग क्लासच्या होर्डिंगवरचे टॉपरचे फोटो म्हणजे वरची संत्री, खालचे किती नापास झाले ते होर्डिंगवर नसते. मी मागे बसून हे लिहून घेतलं, खोटं नाही सांगत, सॅम्पलिंग मी कॉलेजला दोन वर्ष शिकले आणि इतकं स्वच्छ कधी कळलं नव्हतं.

दुसऱ्या रविवारी कावळा बसायला आणि फांदी तुटायला. हे ऐकून घरी काय झालं ते सांगते. माझ्या सासूबाईंचं म्हणणं की खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, विदर्भात हे घरोघरी आहे, नवीन सांगायला नको. पोरीनं आजीला विचारलं, कशावरून. आजी म्हणे तुझ्या आजोबांनी नोकरीभर ठेवला, एकदा नाही लागलं. पोरीनं विचारलं, आजी, आजोबा कांदा ठेवायचे तेव्हा डोक्याला दुपट्टा बांधायचे का? बांधायचेच. पन्हं पिऊन निघायचे का? मी दिल्याशिवाय घराबाहेर पाऊल नव्हतं त्यांचं. आणि दुपारी बाराच्या नंतर? दुपारी कोण निघते अशा उन्हात, ऑफिसातच असायचे. मग कांद्यानं काय केलं, आजी? दोन मिनिटं शांतता. मग सासूबाई म्हणाल्या, कांद्यानं काही बिघडवलं तर नाही न. पोरगी म्हणाली हे मात्र खरं आहे आणि दोघी हसल्या. मला आवडलं ते हे की आजीचं तोंड बंद करायला पोरीनं काही केलं नाही, मॅडमनी तसं बजावूनच ठेवलं होतं की घरच्या मोठ्यांना चूक ठरवायला हे वापरलं तर पुढच्या रविवारी येऊ नका, आधी नीट विचारा की सोबत आणखी काय काय होतं.

तिसरा रविवार सगळ्यात भारी. विषय नागपूरचे ५६ डिग्री. आठवते न, ३० मे २०२४ ला बातमी आली होती की नागपुरात ५६ नोंदवलं, सगळ्यांच्या मोबाईलवर तेच फिरून राहिलं होतं, मी पण फॉरवर्ड केलं होतं, का नाही करणार, घरात भट्टी पेटल्यासारखं झालं होतं. मॅडमनी घरून किराण्याच्या दुकानातला जुना तराजू आणला होता, वजनांसकट, आणि चार-चारच्या गटाला चिठ्ठ्यांचं एकेक पाकीट दिलं. एका चिठ्ठीवर, रामदासपेठेजवळ कृषी विद्यापीठाच्या शेतातल्या स्वयंचलित केंद्रानं ५६ दाखवलं. दुसरीवर, शहरातल्या आणखी एका केंद्रानं ५४. तिसरीवर, त्याच दिवशी इतर केंद्रांवर ४४ च्या आसपास. चौथीवर, नागपूरचा आधीचा विक्रम ४७.९, मे २०१३. पाचवीवर, देशाचा विक्रम ५१, राजस्थानातलं फलोदी, २०१६. सहावीवर, जगाचा विक्रम ५६.७, अमेरिकेतली डेथ व्हॅली, १९१३. मग कोणाच्या तरी कारच्या डॅशबोर्डचा फोटो, एक फॉरवर्ड, सात-आठ पोर्टलच्या बातम्यांचे प्रिंट, आणि एका चिठ्ठीवर "माझी आजी म्हणते असं ऊन जन्मात पाहिलं नाही". प्रत्येक चिठ्ठीला वजन द्यायचं, पाव, अर्धा की किलो, आणि का ते सांगायचं.

पहिल्या झटक्यात जवळपास सगळ्या गटांनी ५६ वाल्या चिठ्ठीला किलो दिला. कारण काय, सरकारी यंत्र आहे. मॅडम काही बोलल्या नाही, फक्त म्हणाल्या की ४४ वाली केंद्रं पण त्याच हवामान खात्याची आहेत. मग पोरं अडकली. एकाच शहरात, एकाच दुपारी, एकाच खात्याची यंत्रं आणि १२ डिग्रीचा फरक, म्हणजे कोणतं तरी यंत्र खोटं बोलून राहिलं. एका गटाच्या लक्षात आलं की ५६ खरं असेल तर आपण जगाच्या विक्रमाच्या पाऊण डिग्री खाली आलो, फलोदीला पाच डिग्रीनं मागे टाकलं, आणि हे शेजारच्या गावांना कळलंच नाही. मग शेवटचं पाकीट उघडलं, त्यात हवामान खात्याचा खुलासा, सेन्सर बिघडला होता, आकडा बरोबर नाही. आणि इथे पोरांना वाटलं संपलं, तर मॅडम म्हणाल्या, खुलासाही सरकारीच आहे, आता त्याला काहून मानता? तेव्हा एका पोरानं उत्तर दिलं की मॅडम, सरकारी आहे म्हणून नाही, तो बाकीच्या सगळ्या चिठ्ठ्यांशी जुळतो म्हणून. मी मागून टाळी वाजवणार होते, नवऱ्यानं हात धरला.

त्या सात-आठ पोर्टलच्या प्रिंटचं पण सांगायचं राहिलं. पोरांनी त्यांना मिळून दोन किलो दिले होते, इतक्या ठिकाणी छापून आलंय म्हणून. मॅडमनी पेन्सिल देऊन सारखी वाक्यं अधोरेखित करायला लावली. जवळपास सगळीच सारखी निघाली, त्याच यंत्राचा तोच आकडा, कुठे मथळा वेगळा कुठे फोटो वेगळा. म्हणजे आठ साक्षीदार नाही, एकच साक्षीदार आठ वेळा बोलला. मराठी वाचणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं असं मला वाटते, कारण आपल्याकडे एकाची बातमी दुसरा उचलतो, तिसरा त्याची, आणि पडताळायला म्हणून तुम्ही मराठीत शोधता तेव्हा तेच पाणी दहा घागरींतून येते.

डॅशबोर्डवाल्या फोटोवरही बरंच झालं. कारचा सेन्सर समोर बंपरपाशी असतो, खाली तापलेला डांबर, मागे इंजिन, तो हवेचं तापमान कमी आणि रस्त्याचं जास्त सांगतो. हवामान खात्याचा थर्मामीटर सावलीत, झापडांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून चार-एक फुटांवर. पुढे लिबियाची गोष्ट. तिथल्या अल अझिझियाचा ५८ डिग्रीचा आकडा, १३ सप्टेंबर १९२२ चा, ९० वर्ष जगाचा विक्रम म्हणून पुस्तकात छापून येत होता, मी स्वतः सामान्यज्ञानात पाठ केलाय, आणि २०१२ मध्ये जागतिक हवामान संघटनेनं तो रद्द केला कारण नोंद करणारा नवखा होता आणि थर्मामीटर वाचण्यात सातेक डिग्रीची चूक झाली असावी असं निघालं. आणि सगळं झाल्यावर मॅडमनी उलटं विचारलं, म्हणजे त्या दिवशी नागपुरात ऊन नव्हतं का? पोरं म्हणाली होतं न, ४४ काय कमी असते. आजीची चिठ्ठी त्यामुळे परत पाव किलोवर आली. आजी खोटी नव्हती, आकडा खोटा होता.

चौथ्या रविवारी मॅडमनी न्यायशास्त्र, म्हणजे कोर्टाचं नाही, आपलं जुनं तर्कशास्त्र काढलं, मी म्हटलं झालं आता, पोरं झोपणार. नाही झोपली. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द ही चार प्रमाणं, म्हणजे एखादी गोष्ट खरी कळायचे चार मार्ग. यातलं शब्द म्हणजे आप्ताचं वाक्य. मॅडमनी विचारलं आप्त म्हणजे कोण, सगळे ओरडले नातेवाईक. तर म्हणाल्या, इथेच आपण मराठीवाले फसलो, न्यायवाल्यांचा आप्त म्हणजे ज्याला ती गोष्ट खरोखर माहीत आहे आणि जो ती आहे तशी सांगतो तो, मग तो तुमचा कोणी लागत असो की नसो. फॅमिली ग्रुपवर सगळे आप्तच असतात पण या अर्थानं आप्त किती असतात ते आज रात्री मोजा. आमच्या ग्रुपवर मी मोजले, आकडा सांगत नाही, लग्नसराई आहे.

मग तो पर्वतावरचा धूर. धूर आहे म्हणून तिथे आग आहे. मॅडमनी कोराडीच्या वीज केंद्राचा फोटो दाखवला, त्या मोठ्या डमरूसारख्या टॉवरांचा, आणि विचारलं काय निघून राहिलं. धूर, सगळे म्हणाले. मी पण मनात तेच म्हटलं, एवढी वर्षं त्या रस्त्यानं जाऊन. ती वाफ असते, पाणी थंड करायचे टॉवर आहेत ते, धुराची चिमणी वेगळी, उंच बारीक. आणि वाफेला धूर समजून आग सिद्ध करणारा माणूस फसतो हे आपल्या जुन्या तर्कवाल्यांनी तेव्हाच लिहून ठेवलेलं आहे. याच्याच जोडीला टूल्मिन नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाची १९५८ ची मांडणी शिकवली, दावा एकीकडे, पुरावा दुसरीकडे, आणि दोघांना जोडणारी जी गोष्ट आपण बहुतेक वेळा बोलतच नाही ती मधे. मॅडम त्याला पूल म्हणतात. पूल कुठाय, हे वाक्य आता आमच्या घरी दिवसातून तीनदा ऐकू येते. नागपुरात पुलांना काय तोटा, असं नवऱ्यानं म्हणून पाहिलं, कोणी हसलं नाही.

पाचवा रविवार झिरो माईलला. विधानभवनाच्या जवळच आहे, आपण रोज गाडीवरून जातो आणि पाहुण्यांना सांगतो की हा देशाचा मध्यबिंदू. पोरांना वही देऊन तिथे सोडलं आणि सांगितलं, दगडावर जे आहे तेवढंच लिहा, मनातलं काही लिहू नका. तर काय मिळालं? खांब, चार घोडे, जबलपूर, हैदराबाद, चांदा, शिवनी, छिंदवाडा, बैतूल अशा गावांची अंतरं, आणि त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा दगड, १९०७ चा, समुद्रसपाटीपासून उंची १०२०.१७१ फूट. पूर्णांकानंतर तीन आकडे, इंग्रजांची मापं म्हणजे मापं. मग प्रश्न, हा सगळा पुरावा खरा आहे, पण यातून "देशाचा मध्य" हे कसं निघते, पूल कुठाय? अंतरं कोरलेली आहेत यावरून एवढंच कळते की इथून अंतरं मोजली. उंची लिहिलीये यावरून एवढंच कळते की इथे उंची मोजून ठरवून ठेवली. मध्य म्हणायचं तर कोणत्या देशाचा, १९०७ चा नकाशा की आजचा, फाळणीनंतर नकाशा किती बदलला. एक पोरगा चिडलाच, म्हणजे झिरो माईल खोटा का मॅडम. नाही रे, दगड खरा आहे, आपण त्याच्या तोंडी जास्त घालून राहिलो. मला वाटते सगळ्या आठवड्यांतला हाच खरा धडा होता, पुरावा खरा असणं आणि पुरावा तुझ्या कामाचा असणं या दोन गोष्टी आहेत, आणि शाळेत दुसरी कोणी शिकवतच नाही. त्या दिवशी नंतर सगळे तर्री पोहे खायला गेले, ते पैसे वेगळे, ४० रुपये.

सहावा रविवार मोबाईलवर शोधायचा, आणि इथून माझी कुरकूर सुरू होते. शिकवलं ते चांगलंच. झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसची एक इंग्रजी साइट आहे, १९९८ पासून, मुद्दाम बनवलेली थट्टा, पण फोटो, नकाशे, "वाचवा" वाली मोहीम सगळं साग्रसंगीत. पोरांनी साइटला चांगले मार्क दिले, छान दिसते, माहिती भरपूर आहे, खाली लिंका आहेत. मग मॅडमनी सांगितलं की त्याच पानावर बसून ते पान खरं की खोटं ठरत नाही, बाहेर पडा, बाकीचे त्याच्याबद्दल काय म्हणतात ते पहा. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी हे तपासलं होतं, १० इतिहासाचे पीएचडी, १० व्यावसायिक फॅक्ट-चेकर आणि २५ विद्यार्थी बसवले, तर फॅक्ट-चेकर लगेच पानाबाहेर पडून दुसऱ्या टॅबमध्ये शोधायचे आणि झटपट बरोबर ठरवायचे, आणि शिकलेसवरलेले इतिहासकार त्याच पानावर घुटमळून चकवणाऱ्या लोगोला भुलले. हे ऐकून मला जरा बरं वाटलं.

पण सगळं उदाहरण इंग्रजी, वर्कशीट इंग्रजी. बॅचमध्ये निम्मी पोरं मराठी माध्यमाची. ऑक्टोपस झाडावर राहत नाही हे त्यांनी साइट न वाचताच सांगितलं असतं, पण वाचायला सांगितल्यावर ती शब्दांतच अडकली, आणि ज्या मुलानं तिसऱ्या रविवारी ते जुळण्याचं उत्तर दिलं होतं तो त्या दिवशी तोंड उघडून नाही राहिला. मराठीत फसवी पानं कमी आहेत का? आयुर्वेदाची, नोकरभरतीची, कोणत्या तरी योजनेत पैसे मिळतात त्याची, ढिगानं आहेत. मी मॅडमना तसं बोलले, त्यांनी मान्य केलं आणि पुढच्या बॅचला मराठी करते म्हणाल्या. केलं की नाही ते माहीत नाही.

आता शेवटचे दोन रविवार, म्हणजे सरांचे. सर वाईट नाहीत, आवाज मस्त आहे, पोरांची भीती घालवतात, माईकसमोर कसं उभं राहायचं, श्वास कुठे घ्यायचा, सगळं येते त्यांना. सातवा रविवार तयारीचा, आठवा स्पर्धेचा, बाहेरून पाहुणे परीक्षक. विषय दिला, कोणत्याही इयत्तेची शाळा सकाळी ९ च्या आधी भरू नये. विषय चांगलाच, कारण राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्येच चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी तसा आदेश काढला होता. आमची पोट्टी बाजूनं बोलणार होती. तिला अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१४ ची शिफारस सापडली की शाळा सकाळी ८:३० च्या आधी भरू नये. घरात आनंदीआनंद, संशोधन मिळालं, आणि या वेळेस खरंखुरं. मग रात्री ती स्वतःच वही घेऊन आली. आई, हे तर मिडल स्कूल आणि हायस्कूलच्या पोरांसाठी आहे, वयात आल्यावर झोप उशिरा येते म्हणून. सरकारचा आदेश चौथीपर्यंतचा आहे. मी ही शिफारस त्या आदेशाला टेकू म्हणून वापरली तर पूल तुटतो. आणि वर आणखी, तिथे मे महिन्यात ४५ डिग्री नसते, आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, बाकी महाराष्ट्रात आधी उघडतात, मग आपल्याकडे सकाळची शाळाच बरी असं कोणी म्हटलं तर?

तिनं स्पर्धेत तेच सांगितलं. म्हणाली, माझ्याकडे मोठ्या मुलांसाठी चांगला पुरावा आहे, तो मी मांडते, लहान मुलांसाठी मला तसा भक्कम पुरावा मिळाला नाही म्हणून तो भाग मी सोडते, आणि उन्हाळ्याचे दोन-तीन महिने विदर्भाला सूट असावी. तीन मिनिटांत. मी सांगते, मला रडू आलं. परीक्षकांनी काय म्हणावं, बेटा तू बाजूनं बोलून राहिली की विरोधात, कॉन्फिडन्स वाढव. पहिला नंबर ज्याला गेला त्यानं दोन शेर म्हटले, टेबलावर हात आपटला आणि "जगभरातली संशोधनं ओरडून सांगत आहेत" असं म्हटलं. कोणती संशोधनं ते त्यानं सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. पोरगा गोड आहे, त्याच्यावर राग नाही. राग गुणपत्रिकेवर आहे, ती मी मागून पाहिली, ५० पैकी उच्चार १०, हावभाव १०, आत्मविश्वास १०, वेळ १०, आणि "मुद्दे व पुरावे" मिळून १०. सहा रविवार तराजू घेऊन शिकवायचं आणि शेवटी त्या सगळ्याला पाचवा हिस्सा, तोही मुद्द्यांसोबत वाटून.

सरांशी बोलले. ते म्हणाले, ताई, तुमचं खरं आहे, पण शेवटी बाहेरच्या स्पर्धेत असंच असते, आम्ही वेगळे मार्क देऊन पोरांचं नुकसान करू. यात तथ्य आहे, मी नाही म्हणत नाही. पण मग निदान आपल्या हॉलमध्ये, आपल्या २२ पोरांसाठी तरी परीक्षकाला एवढं सांगून ठेवायचं न की "कशावरून" हा एक प्रश्न प्रत्येकाला विचारा. नाही विचारला. मॅडम बाजूला उभ्या होत्या, काही बोलल्या नाही, चेहऱ्यावरून मला जे कळलं ते मी लिहित नाही कारण तो माझा अंदाज.

अजून एक, क्लासच्या पत्रकावर "विदर्भात नंबर १" छापलंय. मधे एकदा पोरांनीच ते पत्रक तराजूत टाकलं आणि सरांना विचारलं की कोणी मोजलं. सर हसले, म्हणाले प्रिंटरवाल्यानं टाकलं. पत्रक अजून तेच आहे.

बाकी सोयी ठीकठाक. पार्किंग नाही, गाडी गल्लीत लावावी लागते आणि समोरचे काका ओरडतात. बाथरूम खाली दुकानातलं वापरावं लागते, पोरींना जरा अवघड होते. पाण्याची बाटली भरून पाठवा. २२ पोरं जास्तच आहेत, चिठ्ठ्यांच्या वेळेस चारातली दोनच बोलतात आणि बाकी दोन मान डोलावतात, १५ च्या वर घेऊ नये असं माझं मत. सहावी-सातवीचं पोर ढकलू नका, आमच्या धाकट्याला पाहुणा म्हणून एकदा बसवलं तर तो वजनांशीच खेळत बसला.

घालायचं की नाही, तर घाला. स्पर्धेत नंबर यावा म्हणून घालत असाल तर मात्र दुसरीकडे जा, इथून पोरगं "मला हे नक्की माहीत नाही" म्हणायला शिकून येते आणि त्याला कप मिळत नाही. आमच्या पोरीनं पुढच्या बॅचला परत यायचं ठरवलंय पण फक्त पहिले सहा रविवार, सरांना अर्ध्या फीचं विचारलं तर ते विचार करून सांगतो म्हणाले, अजून सांगितलं नाही. आणि फी भरली की लगेच पावती मागून घ्या, स्वतःहून देत नाहीत, मला तिसऱ्यांदा मागितल्यावर मिळाली आणि त्यावर तारीख चुकीची होती.